पासंगचं वजन

रविवारी सकाळी दहाला पासंगचं वजन करायचं, हे ठरून सहा आठवडे झाले होते. त्याला काट्यावर उभं करायचं काम अण्णांचं, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं काम थोरल्याचं, आणि त्याने भिजवलेली अंथरुणं धुवायचं काम सूनबाईचं. तिसरं काम ठरावात नव्हतं, ते आपोआप तिच्याकडे आलं होतं. घरात अशी बरीच कामं तिच्याकडे आपोआप येत.

आजचं तिसरं अंथरूण मागच्या दोरीवर टाकून ती घराखालच्या काट्यांच्या कारखान्यात आली तेव्हा धाकटी नणंद नुकतीच पोचली होती. खांद्यावरची बॅगही न उतरवता ती जमिनीवर बसली होती आणि कुत्र्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

"ओळखलं बघ त्याने मला!" धाकटी म्हणाली. "शेपूट हलवली."

"तीनदा हलवतो," सूनबाई म्हणाली. "चौथ्यांदा दमतो."

"वहिनी, आल्या आल्या सुरू नको ना करूस."

"मी कुठे काय सुरू केलं? तू विचारलंस का, रात्री तो किती वेळ ओरडतो? वर बेडरूमपर्यंत ऐकू येतं. तुझा भाऊ कानावर उशी घेतो. मी खाली येते."

थोरल्याने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. या कलेत तो लग्नानंतर चांगलाच तयार झाला होता.

पासंगची मूत्रपिंडं गेली होती आणि मागचे पाय निम्मे गेले होते. सहा आठवड्यांपूर्वी डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या, तेव्हा अण्णांनीच त्यांना धारेवर धरलं होतं. 'वेळ आली की कळेल' म्हणजे काय? कळेल कशावरून? आम्ही काटे दुरुस्त करणारी माणसं, आम्हाला आकडा सांगा. बाईंनी बिचाऱ्यांनी सांगितला. आज वीस किलो आहे. अठराच्या खाली गेला की समजा, शरीर स्वतःलाच खातंय. मग थांबू नका, मला फोन करा. अण्णांनी खुणेसाठी कॅलेंडरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने अठरा लिहिले, आणि घराने सुटकेचा निःश्वास सोडला. ठरवायचं काम आता कुणा माणसाकडे राहिलं नव्हतं.

पुढचे आकडे थोरल्याच्या नीटस अक्षरात होते. वीस पूर्णांक एक. एकोणीस दोन. अठरा पाच. इथपर्यंत उतरण सरळ होती. मग अठरा चार, अठरा पाच. दोन आठवडे कुत्रा तिथेच अडून बसला होता.

"म्हणजे औषध लागू पडतंय," धाकटी म्हणाली.

"म्हणजे मला वेड लागतंय," सूनबाई म्हणाली. "रोज चार वेळा उचलते मी त्याला. माझ्या हाताला कळत नाही का?"

"हाताला अंदाज असतो, काट्याला नसतो," अण्णा कोपऱ्यातून म्हणाले. हे वाक्य त्यांच्या वडिलांचं होतं. गिऱ्हाइकांना, मुलांना, एकदा तर वजन-मापं तपासायला आलेल्या सरकारी इन्स्पेक्टरलाही त्यांनी ते ऐकवलं होतं. सूनबाईने ओले हात पदराला पुसले.

दाराजवळच्या स्टुलावर काका चहा पीत बसले होते. त्यांची वहिनी, म्हणजे अण्णांची बायको, गेल्यापासून, गेलं वर्षभर, ते दर रविवारी येत. चौदा वर्षांपूर्वी ज्या भावाला अण्णांनी याच शटरबाहेर काढलं होतं, त्याला त्यांनी आत येऊ दिलं होतं. बोलणं मात्र सुरू केलं नव्हतं. बोलायचंच झालं तर मध्ये कोणीतरी लागे.

"त्याला विचार, आणखी चहा हवाय का," अण्णा आत्ताही तीन फुटांवर बसलेल्या भावाबद्दल सुनेला म्हणाले.

"त्यांना सांग, पुरे," काका सुनेला म्हणाले.

"पुरे म्हणतात," सून म्हणाली. एरवी तिला याचं हसू येई. आज आलं नाही.

दहा वाजले. अण्णांनी आधी रिकामा काटा दाखवला, नेहमीसारखा. जुना प्लॅटफॉर्म काटा, खाली माणूस उभं राहील एवढी लोखंडी फळी, वर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारं पितळी वजन. वजन शून्यावर, दांडी सरळ. "बघून घ्या," ते म्हणाले. सगळ्यांनी बघून घेतलं. कारखान्यात थोरल्याचे चार इलेक्ट्रॉनिक काटेही होते, पण त्यांच्यावर पासंग थरथरे आणि आकडा चौदापासून एकवीसपर्यंत कुठेही नाचत राही. या काट्यावर तो पिल्लू असल्यापासून चढत आला होता. इथे तो शांत असे.

अण्णांनी त्याला फळीवर ठेवलं. तो उभा राहिला नाही, बसलाही नाही, मागचे पाय बाजूला टाकून पडला. अण्णांनी पितळी वजन बोटाने पुढे सारलं, थोडं मागे घेतलं. दांडी डुलली आणि थांबली.

"अठरा चार," थोरल्याने वाचलं.

"बघ!" धाकटी ओरडली. "वहिनी, बघ! अजून वेळ आहे त्याच्याकडे."

"कसला वेळ?" सूनबाई म्हणाली. "पडून राहण्याचा? कालपासून त्याने दोन चमचे पेज खाल्लीय, तीही मी बोटाने चाटवली म्हणून. अठरा चार! कशाचे अठरा चार?"

"तुला तो नकोच आहे."

हे बोलून धाकटी स्वतःच दचकली. थोरल्याने कॅलेंडरवर आकडा लिहून पेन खाली आणलं.

"परत म्हण," तो शांतपणे म्हणाला. "चौदा वर्षांपैकी तू किती राहिलीस गं त्याच्याबरोबर? चार. बाकीची दहा हिने काढलीत. आई आजारी होती तेव्हा आईचंही हिने केलं आणि ह्याचंही. आणि तू फोनवर त्याचे व्हिडिओ मागतेस."

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. बारा वर्षांत तो तिच्या बाजूने असं एका दमात इतकं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. त्यासाठी कुत्रं मरायला टेकावं लागलं, असं तिच्या मनात आलं, आणि तरीही तिला बरं वाटलं.

"भांडू नका त्याच्यासमोर," अण्णा म्हणाले. "आकडा अठराच्या वर आहे. ठरलं ते ठरलं. उतरवा त्याला खाली."

सगळे एकमेकांकडे बघत राहिले, म्हणून काका उठले आणि वाकून त्यांनी कुत्र्याला उचललं.

उचललं आणि ते तसेच उभे राहिले.

काका गेली चौदा वर्षं एका गोदामात माल उतरवून घेण्याच्या कामावर होते. पोतं खांद्याला लागलं की त्यांना आकडा कळे, आणि कारकुनांशी त्यांच्या पैजा लागत. हातातलं हे ओझं सोळाच्या आतबाहेर होतं. अठरा तर नव्हतंच. बरगड्या बोटांना मोजता येत होत्या.

त्यांनी पासंगला सावकाश गादीवर ठेवलं. मग कोणाला काही वाटू नये अशा बेताने ते काट्याजवळ गेले आणि दांडीवरच्या पितळी वजनाखाली त्यांनी अंगठा फिरवला. सकाळचं पितळ हाताला गार लागतं. मेण लागत नाही. तीन जागा गार नव्हत्या.

चौदा वर्षांपूर्वी कोळशाच्या वखारीच्या काट्याला त्यांनी हेच केलं होतं. सरकत्या वजनाला खालून भोक पाडायचं, पितळेचा कीस मिसळून मेण भरायचं, आणि दांडीच्या टोकाचा स्क्रू फिरवून रिकामी दांडी सरळ करून घ्यायची. वजन हलकं झालं की ते दांडीवर पुढे सरकवावं लागतं, आणि काटा आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. रिकामा काटा बघून कोणाच्या बापाला कळत नाही. अण्णांना कळलं होतं. त्यांनी ते वजन वखारीतून काढून आणून जेवणाच्या टेबलावर, सगळ्या घरादेखत, सुरीने खरवडून दाखवलं होतं. काकांना ते टेबल आठवलं. वहिनी मुलांना घेऊन आत गेली होती, तेही आठवलं.

आज त्या टेबलाशी अण्णांना बसवायचं की नाही, हे ठरवणं त्यांच्या हातात होतं. असा दिवस यावा असं त्यांना कितीतरी वर्षं वाटत आलं होतं. तो असा येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

"काका, तुम्हाला काय वाटतं?" थोरल्याने विचारलं. "तुम्ही बाहेरचे म्हणून... म्हणजे तसं नाही, पण तुम्हीच सांगा."

"मला वाटतं, तुम्ही तिघं वर जाऊन काहीतरी खाऊन या," काका म्हणाले. "उपाशीपोटी माणूस वाटेल ते बोलतं. मी बसतो इथे."

धाकटी डोळे पुसत गेली. सूनबाई तिच्या मागोमाग गेली आणि जिन्यात तिने नणंदेच्या खांद्यावरची बॅग काढून आपल्या खांद्याला घेतली. अण्णा जागचे हलले नाहीत. त्यांनी काकांचा अंगठा वजनाखाली फिरताना बघितला होता.

खाली आता दोघे भाऊ उरले आणि मध्ये कुत्रा. मध्ये बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

"पासंग," काका कुत्र्याला म्हणाले, "यांना विचार, तीन भोकं कशाला? मला तर एकच लागलं होतं."

अण्णाही कुत्र्याकडेच बघून बोलले. "त्याला सांग, दर आठवड्याला एक. शनिवारी दुपारी सगळे वर जेवतात तेव्हा मी ह्याला खरं तोलायचो. जेवढं कमी भरायचं तेवढं गिरमिटाने काढायचो."

"यांना सांग, मेण चांगलं भरलंय. माझ्यापेक्षा चांगलं."

"त्याला सांग, थट्टा नको."

"थट्टा नाही रे, पासंग. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढं तरी म्हणू दे की नाही मला? मी चौदा वर्षं घराबाहेर काढली एका भोकापायी."

"तू ते पैशासाठी केलंस," अण्णा म्हणाले. त्यांची मान अजून खालीच होती, पण 'त्याला सांग' म्हणायला ते विसरले होते. "लोकांना कोळसा कमी गेला. मी कोणाचं काय घेतलं?"

पासंगने पाय आखडले आणि घशातून एक बारीक, लांब आवाज काढला. तो आवाज दर अर्ध्या तासाने येत असे. काकांनी गादीवर हात ठेवला आणि आवाज थांबेपर्यंत ठेवून दिला.

"ह्याचं घेतलं," ते म्हणाले. "तीन आठवडे."

अण्णांना हे माहीत नव्हतं असं नाही. तिन्ही शनिवारी त्यांना ते माहीत होतं. पहिल्या भोकाच्या वेळी त्यांनी ठरवलं होतं, फक्त हा एक आठवडा. बायको गेली त्या आठवड्यात त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. हॉस्पिटलात ते औषध आणायला खाली गेले आणि वर आले तेव्हा सगळं झालेलं होतं. तेव्हापासून त्यांना वाटे, पुढच्या वेळी मी तिथे असेन, मी ठरवेन. पुढची वेळ आली, आणि त्यांच्याच्याने ठरवेना. म्हणून त्यांनी आकडा मागून घेतला. मग आकडाही आला, आणि तोही त्यांना सोसेना.

"तुझ्या वहिनीला बोलायला हा लागायचा," ते म्हणाले. "आता मला लागतो. हा गेला की खाली मी एकटा."

"ह्याचं नाव कोणी ठेवलं?" काकांनी विचारलं. "मी असताना नव्हता हा."

"तू गेल्यावर महिन्याने शटरखालून आत आला. मोठ्या तराजूच्या पारड्यात जाऊन झोपला. मी बाहेर घालवत होतो, तर ती आडवी आली." अण्णा थांबले. "म्हणाली, घरातलं एक माणूस उतरवलंत, आता पारडं कलतंय ते दिसत नाही का? राहू दे ह्याला पासंग म्हणून."

रिकाम्या तराजूची दोन पारडी सारखी यावीत म्हणून हलक्या बाजूला जो दगडाचा नाहीतर शिशाचा तुकडा बांधतात, त्याला पासंग म्हणतात. काट्यांच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. काका उठून पाण्याच्या माठाकडे गेले, पाणी न पिताच परत आले आणि स्टुलाऐवजी जमिनीवर बसले.

"माझ्यावर घाल," ते म्हणाले.

"काय?"

"भोकं. सांग की मी पाडली. दर रविवारी येतोच ना मी? ह्याला जगवायचं म्हणून केलं म्हणावं. माझ्याविषयी सगळ्यांना लगेच पटेल, वाटच बघत असतील. तुझं नाव राहील. पोरांनी तुझ्या काट्यावर आयुष्य काढलंय रे."

अण्णांच्या मनात ते भरलं. क्षणभरच, पण पुरतं भरलं. सून आपल्याकडे बघणार नाही, काकाकडे बघेल. ते वाक्यही आपल्याला पुढे म्हणता येईल, हाताला अंदाज असतो. मग त्यांना तिचे ओले हात दिसले.

"नको," ते म्हणाले. "मोठा तराजू खाली घे. माझा हात पोचत नाही."

वरची मंडळी जिना उतरली तेव्हा छतातल्या आकड्याला मोठा टांगता तराजू लावून झाला होता. साखळ्यांना दोन लाकडी फळ्या, एकीवर चादर अंथरलेली. चौदा वर्षांपूर्वी ज्या पारड्यात पिल्लू झोपलं होतं तेच हे. दोन पारड्यांच्या या तराजूत सरकतं वजन नसतं, त्यामुळे लबाडीला जागा थोडी.

"हे काय?" थोरल्याने विचारलं.

अण्णांनी प्लॅटफॉर्म काट्याचं पितळी वजन काढून हातात घेतलं होतं. त्यांनी ते उलटं केलं आणि खिशातल्या चाकूने मेण खरवडलं. तीन वेळा. मेणाचे तुकडे जमिनीवर पडले.

"हे मी केलं," ते म्हणाले. "ह्याचं वजन गेले तीन रविवार अठराच्या खाली आहे. मला सोडवेना, म्हणून काटा खोटा केला. काकाचा काही संबंध नाही. त्याला आजच कळलं."

थोरला कॅलेंडरकडे बघत होता, आपल्या नीटस अक्षरांतल्या शेवटच्या आकड्यांकडे. धाकटी काहीतरी म्हणणार होती, पण भावजयीने तिच्या हाताला धरलं.

"तीन आठवडे," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच अण्णांना तो जास्त लागला. "मी स्वतःला वेडी समजत होते, अण्णा. मला वाटायचं, मीच दमलेय, मलाच हे संपवायचंय, म्हणून मला तो हलका लागतोय. रात्री त्याच्याजवळ बसून मी त्याची माफी मागायचे."

"माझी चूक झाली," अण्णा म्हणाले. असं म्हणायची सवय नसल्याने शब्द जरा वाकडेच बाहेर पडले. "मुली, तुझ्या हाताच्या पासंगालाही माझा काटा पुरला नाही. तूच तोल आता त्याला. आधी सांग, किती भरेल?"

तिने वाकून पासंगला उचललं. डोळे मिटले.

"सोळा. थोडं आतच."

तिने त्याला चादरीवर ठेवलं. पारडं खाली गेलं आणि लाकूड जमिनीला टेकलं. पासंगने नाकाने फळी हुंगली आणि पुढच्या पंजांवर हनुवटी टेकली. अण्णांनी दुसऱ्या बाजूला दहाचं ठेवलं, मग पाचचं, मग अर्ध्याचं. पारडं सुटलं, पण वर येईना. दोनशे ग्रॅमचं एक ठेवलं, मग आणखी एक. दांडी हळूहळू सरळ झाली आणि थांबली.

"पंधरा नऊ," थोरला म्हणाला. त्याने ते कॅलेंडरवर लिहिलं, वरचे तीन आकडे खोडले, आणि पेन खिशाला न लावता खिडकीत ठेवून दिलं.

"वहिनी," धाकटी म्हणाली, "मघाशी मी जे बोलले..."

"नंतर. आधी त्याच्याजवळ बस. डाव्या कानामागे खाजवलेलं आवडतं त्याला, उजव्या नाही."

"फोन मी करतो," अण्णा म्हणाले.

डॉक्टरीणबाई अडीच वाजता आल्या. शटर उघडंच होतं आणि बाहेर रस्त्यावर रविवारची वर्दळ होती. पासंगला तराजूतून हलवलं नाही, फक्त फळी जमिनीवर टेकवून साखळ्या सैल सोडल्या. बाईंनी दोन सुया असतील असं सांगितलं. पहिलीने झोप लागेल, दुसरी त्याला कळणार नाही. "कोणाला बाहेर थांबायचं असेल तर थांबा," त्या म्हणाल्या. कोणी गेलं नाही. अण्णा जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि त्यांचा तळवा कुत्र्याच्या छातीखाली होता. पहिल्या सुईनंतर पासंग घोरू लागला. सहा आठवड्यांत तो असा घोरला नव्हता, आणि सूनबाईला रडू आलं ते तेव्हा. दुसरीनंतर अण्णांनी बाईंच्याही आधी मान हलवली.

मागच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीखाली, दोन्ही भावांनी आणि थोरल्याने मिळून खड्डा खणला. दोरीवरची अंथरुणं वाळली होती. धाकटीने ती काढून घड्या घातल्या आणि कुठे ठेवायच्या ते न कळून हातातच धरून उभी राहिली. सूनबाईने त्यांतलं एक खाली अंथरायला घेतलं.

पाच वाजता काकांनी हात धुतले, चप्पल घातली आणि नेहमीप्रमाणे कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "बरं, निघतो."

अण्णा आपल्या खुर्चीत होते. त्यांच्या हातात ते पितळी वजन होतं, तीन भोकांचं. "त्याला सांग," ते म्हणाले आणि त्यांनी खाली पाहिलं. गादी रिकामी होती. सून वर गेली होती, मुलं मागे होती. मध्ये कोणी नव्हतं.

काका शटरमध्ये थांबले होते.

"हे वितळवून नवं ओतायला हवं," अण्णा म्हणाले. त्यांनी मान वर केली. "ते एकट्याचं काम नाही. उद्या येशील?"

काका शटरमधून मागे वळले.

"किती वाजता येऊ, दादा?"

"शटर उघडायच्या वेळी," अण्णा म्हणाले. "आणि चहा इथेच घे. तुला किती साखर लागते, ते आता मला माहीत नाही."